फळ्यावरचं युद्ध

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत निवृत्त शिक्षक देशपांडे सर रोज सकाळी गेटजवळच्या फळ्यावर बातम्या लिहितात. आज लिहिलं होतं, ‘युद्धात अख्खं शहर बेचिराख.’

त्या बातमीचा व्हिडिओ मीच पाठवला होता त्यांना. लेले काकूंचा मुलगा त्याच शहरात नोकरीला आहे, हे मला फळा बघून आठवलं.

मग शोधायला बसलो. दोन्हीकडच्या बातम्या वाचल्या. दोन्ही बाजू जिंकत होत्या. व्हिडिओ मात्र जुना, भलत्याच देशातला निघाला.

सरांना सांगितलं. त्यांनी फळा पुसून लिहिलं, ‘युद्ध चालू आहे. बाकी माहीत नाही.’

तेवढ्यात काकू खाली आल्या. वाचून म्हणाल्या, “आत्ताच मुलाशी बोलले. तोही एवढंच म्हणाला.”

तो तिथे राहून एवढंच सांगतो. आपल्याला इथे बसून सगळं कसं कळतं हो?