आबांच्या हातातली सुई

आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, रक्तात जंतू पसरले ते माझ्या हट्टापायी. ‘सेप्टिसीमिया’ हा शब्द ऐकला तेव्हा मात्र मी डॉक्टरांच्याच अंगावर धावून गेलो होतो. “तुमच्याच दवाखान्यात झालं हे!”

“सलाईनची सुई आम्ही घातली. काढू म्हटलं तेव्हा तुम्ही अडवलंत आणि मी ऐकलं, ती माझी चूक,” डॉक्टर म्हणाले. “आता बाजूला व्हा.”

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नाशकात कंपनीत नोकरीला, आबा गावाकडे झेंडू लावायचे. त्यांना शुगर होतीच, त्यात जुलाबांनी गळून गेले म्हणून नाशकात आणून दवाखान्यात ठेवलं. जुलाब थांबले, पेज पोटात राहू लागली. सलाईनची गरज संपली.

पण गावची माणसं जीप करून भेटायला येणार होती. आमच्याकडे भेटायला आलेला माणूस आधी बाटलीकडे बघतो, मग पेशंटकडे. बाटली नसली की पोरानं बापाला नुसतं झोपवून ठेवलंय, असं गावभर होतं. मी डॉक्टरांशी भांडलो. “राहू द्या, ताकद येईल.”

“हात लय ठणकतोय रं. काढ म्हनावं ती सुई,” आबा म्हणाले. सुईभोवती लाल झालं होतं.

“गप पडा, आबा. लहान पोरासारखं काय करता?”

माणसं आली, बाटली बघून समाधानानं गेली. संध्याकाळी आबांना हुडहुडी भरली. ब्लड प्रेशर उतरलं. ते मला ओळखेनात.

आयसीयूत आधी ती सुई काढली. ब्लड कल्चरला रक्त घेतलं. म्हणजे त्या रक्तात कोणते जंतू वाढतात ते बघतात. रिपोर्टला वेळ लागतो, म्हणून अँटिबायोटिक लगेच सुरू केलं.

“वाचतील ना?” मी विचारलं.

“वय आणि शुगर आपल्या हातात नाहीत. औषध वेळेत मिळणं, ते त्याच जंतूवर चालणं आणि जंतू शिरले ती वाट बंद करणं, एवढंच हातात आहे. त्यातला वेळ तुम्ही घालवलात.”

बाहेर बाकावर माझी थोरली बहीण, सिन्नरची अक्का, बसली होती. “बाटली मिरवायची होती ना तुला? आता तिरडी मिरव.”

रिपोर्ट आला, औषध बदललं, ताप हळूहळू उतरला. आबा वाचले. सगळ्यांचे वाचत नाहीत. तुमच्या माणसाच्या हाताला सुई असेल तर रोज विचारा, अजून हवीय का? तो दुखतंय म्हणाला तर ऐका. थंडी वाजून ताप आला तर त्याच क्षणी डॉक्टरांना बोलवा.

गावी घरी आल्यावर आबा माझ्या हातचं पाणीही घेईनात. एकदा दवाखान्यात भेटायला आलेली तीच माणसं ओट्यावर जमली. “पोरानं लय केलं हां आबा तुमचं,” एक जण म्हणाला. आबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

“काही नाही केलं,” मी म्हणालो. “आबा सुई काढ म्हणत होते. तुम्हाला बाटली दिसावी म्हणून मी ती ठेवली, आणि त्यांनाच गप पडा म्हणालो. आबा, चुकलो मी. मला माफ करा.”