कोरी बोटं

बापू, आम्ही गाव सोडलं त्या दिवशी तू नानांच्या कडेवर होतास. नाक गळत होतं तुझं, आणि ते पुसायचं कुणाला भान नव्हतं. तुला काय आठवणार! मी आठ वर्षांची होते, मला सगळं आठवतं. दोंडाईच्याच्या स्टेशनात आमची एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि मायच्या मांडीवर कळण्याच्या भाकरींचं गाठोडं. माझे आबा आणि तुझे नाना, दोघे सख्खे भाऊ, गाडी येईपर्यंत शेजारी शेजारी बसून होते. गाडी हलली तसे आबा खिडकीतून म्हणाले, "आपुन कमावाले चालनूत, ऱ्हावाले नही." नाना नुसती मान हलवत गाडीबरोबर चालत राहिले.

हे वाक्य आबांनी सुरतेच्या उधन्यात पुढं सगळी वर्षं म्हटलं. कापडाच्या खात्यात संचे, म्हणजे यंत्रमाग, चालवून कान बधिर झाले, खोली एकाची दुसरी झाली, मी पोरींशी गुजरातीत भांडायला लागले, तरी आबांचं आपलं तेच. ऱ्हावाले नही. माय एकदा वैतागून म्हणाली, "मंग हाई चूल डोक्यावर लिसन फिरू का?" आबा हसले फक्त.

पण एक गोष्ट त्यांनी कधी चुकवली नाही. निवडणूक आली की सुट्टी टाकायची, तापी लाईनची पॅसेंजर पकडायची आणि गावच्या शाळेत जाऊन वोट टाकायचा. आपल्या घराची रीत तुला ठाऊक आहे. थोरला पुढं, त्याच्यामागं धाकटा. आबांनी शिक्का मारल्याशिवाय नाना शाळेची पायरी चढायचे नाहीत. परत आले की आबा ते शाईचं बोट आठवडाभर मिरवायचे. जेवताना सुद्धा ते बोट जरा वरच असायचं. संच्यावरच्या लोकांना दाखवायचे, "हाई मना गावनी शाई शे." जमीन नानांनीच कसायची, घरात नानांनीच दिवा लावायचा, आबांचं तिथं उरलं होतं ते यादीतलं नाव. ते आहे तोवर आपण गावचे, असा त्यांचा साधा हिशोब.

मी कॉलेजात गेले आणि मला शिंगं फुटली. वर्गात निवडणुकीवर वाद चालला होता, मी तावातावानं बोलत होते, तर एक मुलगी सहज म्हणाली, "पण तमारा लोकोनो वोट तो गाममां ज ने?" वाईट हेतू नव्हता तिचा. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तेरा वर्षं इथलं पाणी पिऊन मी अजून पाहुणीच? मला नुकतीच एकवीस पूर्ण झाली होती, तेव्हा मताचं वय तेच होतं. मी कचेरीत गेले आणि अर्ज घेऊन आले. एक नाही, तीन. आपलं सगळं घर सुरतेच्या यादीत घालायचं, मग बघू कोण काय म्हणतं ते.

अर्जात एक रकाना होता: याआधी नाव कुठल्या गावच्या यादीत आहे ते लिहा, म्हणजे तिथून कमी करता येईल. आबांच्या अर्जात मी आपल्या गावाचं नाव लिहिलं. सुवाच्य अक्षरात लिहिलं, बापू.

आबांना सही करता यायची, वाचता यायचं नाही फारसं. त्यांचा नियम होता, "आधी वाचीसन दखाड, मंग सही." रेशनचा कागद असो की खात्यातला, मी मोठ्यानं वाचायची आणि मग ते जीभ दातात धरून सही करायचे. त्या दिवशी ते पाळीवरून दमून आले होते. मी म्हटलं, "कॉलेजचा कागद आहे." त्यांनी वाचायला सांगितलं नाही. कॉलेजचं नाव काढलं की त्यांची छाती फुगायची. केली सही.

सांगायचं होतं मला. उद्या सांगू, परवा सांगू. मनात म्हणायची, सरकारी काम आणि सहा महिने थांब. इथला कागद तिथं कधी पोचतोय! दोन्हीकडं नाव राहील, आबा खूष, मीही खूष. मतदानाच्या दोन दिवस आधी आबा धुतलेली टोपी घालून निघाले, तेव्हाही मी दारात उभी होते. त्यांची पिशवी हातात दिली, एवढंच. त्यांनी मला विचारलं, "तूबी आठे टाकशी ना वोट?" आणि डोक्यावर हात ठेवून गेले.

मतदानाच्या दिवशी मी माझी एकुलती एक चांगली साडी नेसले. मायला घेऊन शाळेत गेले. रांगेत किती ताठ उभी होते मी! टेबलावरच्या माणसानं गुजराती यादीवर बोट फिरवलं, आमची नावं सापडली, आणि तो म्हणाला, "घरना वडील क्यां छे? एमनुं नाम तो पहेलुं छे." मायनं माझ्याकडं पाहिलं. "तुना बाप तं गावले गया. मंग आठे त्यासनं नाव कसं?" माझ्या बोटाला शाई लागत होती तेव्हा. पहिला वोट मी कुठं मारला, शिक्का नीट उठला की नाही, मला काही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी आबा आले. चपला काढल्या, पाय धुतले, जेवायला बसले. मायनं ताट ठेवलं आणि तिची नजर त्यांच्या बोटावर गेली. कोरं होतं. आबांनी तो डावा हात मांडीखाली घेतला आणि उजव्या हातानं जेवले. जेवून झाल्यावर म्हणाले, "नाव काढी टाकं मनं. लाल रेघ मारेल व्हती." थोड्या वेळानं म्हणाले, "नानानं काढं."

नाना तलाठ्याकडं ऊठबस करायचे, घर आणि जमीन त्यांच्याच ताब्यात. आबांच्या डोक्यात ते पक्कं बसलं. शाळेच्या अंगणात, सगळ्या गावासमोर त्यांनी भावाला विचारलं होतं, "घर पाहिजे व्हतं तं मांगी लेतास, नाव कसाले काढं?" आणि तसेच स्टेशनावर निघून आले होते.

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. एक वाक्य. मी ताट उचलून मोरीकडं गेले. मायनं मला विचारलं नाही, तिला काय ते कळलंच होतं. पण बाप-लेकीत वाकडं नको म्हणून तीही गप्प राहिली. आबा त्यानंतर गावाला गेले नाहीत. ऱ्हावाले नही, हे वाक्यही त्यांनी पुन्हा उच्चारलं नाही. दोन वर्षांत ते गेले. इथल्या यादीत नाव होतं, पण शाई पुन्हा त्यांच्या बोटाला लागली नाही.

दहाव्याला नाना आले. तू नव्हतास. टोपी हातात घेऊन दारातच उभे राहिले, आत येईनात. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाले, "बेटा, दादानं नाव मी नही काढं." मग अगदी हळू म्हणाले, "त्या दिन मीबी वोट टाकं नही. थोरला गया नही, मी कसा जाऊ?"

म्हणजे त्या दिवशी दोन बोटं कोरी राहिली होती. आबांना हे कधी कळलं नाही. आणि मी, शिकलेली, पदवीधर, मी नानांना काय म्हटलं माहीत आहे? "पाणी घ्या, नाना."

त्यांनी पाणी घेतलं आणि पुढच्या गाडीनं गेले.

मी इथंच शाळेत शिक्षिका झाले. निवडणुकीची ड्यूटी लागते, मला नेहमी शाईच्या बाटलीजवळ बसवतात. माझं नाव या गावात आहे, चार लोक ओळखतात, कुणी मला बाहेरची म्हणत नाही. मला हवं होतं ते सगळं मिळालं बघ. पण एखादा म्हातारा माझं नाव बघा हो म्हणत टेबलाशी अडतो, तेव्हा मी शाईची काडी खाली ठेवते आणि यादी पहिल्या पानापासून स्वतः शोधते. कुणी गाव विचारलं तर मी उधना सांगते. तुमच्या गावाचं नाव घ्यायचा माझा हक्क मीच घालवला. घर म्हणजे माझ्यासाठी आता ती शाळेची पायरी, जिच्यावर दोघं भाऊ अडून राहिले.

परवा नाना गेल्याचं तुझं कार्ड आलं. त्यांच्यावरचा डाग घेऊनच ते गेले, आणि तो पुसणं माझ्या हातात होतं. मला क्षमा माग म्हणून सांगू नकोस, आणि मी मागतही नाही. एकच कर. हे पत्र भाऊबंदांसमोर मोठ्यानं वाच. मी आबांना वाचून दाखवलं नव्हतं. आबांचं नाव नानांनी काढलं नाही, बापू. मी काढलं.