मायच्या ओसरीवरचे पिन नंबर

विद्यापीठात मी गुप्तलेखन आणि सायबर सुरक्षा शिकवतो. आमच्या साखरा गावात याचा अर्थ ‘कुलपं-चाव्यांचं काहीतरी’ असा लावतात, आणि तो फारसा चुकीचाही नाही. आजवरची माझी सगळी प्राध्यापकी एका वाक्यावर उभी आहे: गुपित कुणालाही सांगू नका. हेच मी गणिताच्या आडून पुन्हा पुन्हा लिहीत आलो. ते शोधनिबंध माझ्या मार्गदर्शकांनी वाचले आणि परीक्षकांनी वाचल्यासारखं केलं. वर्गातली पोरं हे वाक्य वहीत उतरवतात, आणि स्वतःचा पासवर्ड शेजारच्याला देऊन चहाला जातात. पालथ्या घड्यावर पाणी.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत गावच्या शाळेत फोनवरच्या फसवणुकीवर बोलायला उभा राहिलो, तेव्हा फार आशा नव्हती. समोर आमच्याच गल्लीतल्या बायका. सांगितलं, ‘पैशाचा पिन नवऱ्याला सांगू नका, शेजारणीला सांगू नका. सांगितला असेल तर आजच बदला.’ त्यांनी माना डोलावल्या.

आणि काय सांगू, त्यांनी खरंच ऐकलं हो.

मला ठाऊक नव्हतं की गल्लीतल्या सगळ्या बायकांचे पिन माझ्या मायजवळ होते. माय शाळेत गेलेली नाही, पण आकडा एकदा कानावर पडला की पडला. दुपारी कामं उरकली की बायका फोन घेऊन ओसरीवर यायच्या. ‘काकी, माझा काय नंबर हाय वं?’ माय कानात सांगायची. निमित्त पिनचं, मग चहा, लसूण सोलणं, सुनांची गाऱ्हाणी. बाबा गेल्यापासून माय त्या दुपारींवरच जगत होती.

भाषणानंतर ओसरी ओस पडली. माय चहाचं आधण ठेवायची, रस्त्याकडे बघायची आणि गॅस बंद करायची. शेवटी माझ्यावर उखडली.

‘काहून बोलला तू असं? इतक्या वर्षांत म्या कोनाचा नंबर कोनाला सांगितला का? अन् तू भर शाळेत मला चोर केलं.’

‘माय, तुझं नाव तरी घेतलं का मी?’

‘शेजारीण म्हनला ना?’

मी नियम समजावायला गेलो. तिने मधेच तोडलं. ‘तुझा नियम बराबर असंल. पन आता माझ्यापाशी बसाया कोन येनार? तुझा नियम?’

विद्यापीठात अशा प्रश्नाला ‘पुढील संशोधनाचा विषय’ म्हणून वेळ मारून नेता येते. मायपुढे ती सोय नाही.

मी परत आलो, पण जीव तिथेच अडकला. रोज फोनवर विचारायचो, ‘कुणी आलं होतं का?’ ती म्हणायची, ‘न्हाई.’ आयुष्यात पहिल्यांदा माझं कुणीतरी ऐकलं होतं आणि मी मनातल्या मनात देवाला विनवत होतो, यांना आता नियम मोडू दे.

एका दुपारी वर्गावर जायच्या आधी फोन लावला. बोलता बोलता माय म्हणाली, ‘थांब, कोनतरी येऊन राहिलं.’ तिने फोन तसाच मांडीवर ठेवला. तो बंद करायचं काम नेहमी माझंच असतं.

बांगड्या वाजल्या. एकीचा आवाज आला, ‘काकी, नवा नंबर इसरले मी. सगळ्याच इसरल्या. पार तकलीफ झाली, आता पुन्हा नवा करून आनलाय. तूच ठेव बाई ध्यानात.’

माय म्हणाली, ‘अन् माझ्या परफेसराला कळलं मंग?’

‘त्याला कोन सांगतंय?’ आणि त्या बाईने आपला नंबर खणखणीत सांगून टाकला.

‘हळू बोल की,’ माय म्हणाली, ‘भिंतीला कान असतेत. बसा समद्या, चहा ठेवते.’

एकामागून एक नंबर माझ्या कानावर पडत होते. नियमाने मी तिथेच फोन बंद करायला हवा होता. पण कितीतरी दिवसांनी माय हसत होती. माझे डोळे भरून आले. फोन तसाच कानाला धरून बसलो, आणि त्या दिवशीचा माझा तास बुडाला.