व्याह्यांचं शिळं पाणी

हवेवर एवढा राग धरणारा माणूस मी आमच्या व्याह्यांखेरीज दुसरा पाहिलेला नाही. लोक शेजाऱ्यांवर रागावतात, सरकारवर रागावतात. आमचे व्याही ऑक्सिजनवर रागावत. त्यांची सगळी नोकरी भांडुपच्या एका कंपनीत, इमारतींना स्प्रिंकलर बसवण्यात गेली. छताखालून पाण्याने भरलेले पाइप जातात आणि आग लागली की त्यांच्या तोट्या उघडून खाली पाणी पडतं, एवढं आपल्यालाही ठाऊक असतं. पण व्याह्यांना आगीची फारशी चिंता नव्हती. "आग कधीतरी लागते हो," ते म्हणत. "गंज रोज चढतो."

लग्नाची बोलणी करायला ते मुलुंडला आमच्याकडे पहिल्यांदा आले, तेव्हा पोह्यांची बशी हातात धरून सारखे छताकडे बघत होते. आमच्या सौ.ला वाटलं, जळमटं राहिली. आता मानपानाचा विषय निघणार म्हणून मी सावरून बसलो, तर त्यांनी विचारलं, "तुमच्या सोसायटीत स्प्रिंकलरचं पाणी कधी काढता?" मी सोसायटीचा अध्यक्ष. अभिमानाने म्हणालो, "दर महिन्याला. मी स्वतः उभा राहून. घाण काळं पाणी येतं, ते जाऊ देतो आणि ताजं भरतो." व्याह्यांनी बशी खाली ठेवली. सौ.चा चेहरा उतरला; तिला वाटलं, स्थळ गेलं. ते मात्र मला समजावू लागले, की कोंडलेल्या पाण्यातला आणि पाइपात अडकलेल्या हवेतला ऑक्सिजन लोखंड खातो आणि खाऊन खाऊन संपतो. मग पाणी काळं होतं, वास मारतं, पण निरुपद्रवी होतं. "ते शिळं पाणी म्हणजे दात पडलेला कुत्रा. तुम्ही दर महिन्याला त्याला हाकलून नवा, दातांचा आणता." रागाच्या भरात ते मालवणीवर येत. जाताना दारात म्हणाले, "तुमका सांगतंय, त्या पाण्याक हात लावू नकात."

मला ते पटलं नाही. आमच्या घरात रात्रीचं पाणी सकाळी झाडांना घालतात आणि हंडा घासून नवं भरतात. शिळं पाणी चांगलं, हे मला ऐकवत नव्हतं.

लग्न घाटकोपरच्या एका हॉलमध्ये झालं. भटजी वरपित्याला हाका मारत होते आणि वरपिता बेपत्ता. शेवटी मीच शोधायला निघालो. फेटा, उपरणं अशा थाटात ते पंपाच्या खोलीत पाइपावर बोटाची पेरं वाजवत उभे होते. "ऐका, आवाज ऐका. पाइप वरून पातळ झालाय. हवा वरच अडकते ना." मी म्हणालो, "अहो, मुहूर्त चाललाय." ते म्हणाले, "पाइपही चाललाय." तरी ते आले, आणि अक्षता टाकताना नजर वरच होती.

या सगळ्या रोगावर त्यांच्याकडे एकच औषध होतं: नायट्रोजन. पाइप रिकामा करायचा, त्यात सिलिंडरमधून नायट्रोजन भरायचा, सोडायचा, पुन्हा भरायचा, असं करत आतली हवा हुसकावून लावायची आणि मगच पाणी घ्यायचं. ते घ्यायचं ते एकदाच. लोणच्यावर तेलाचा थर का ठेवतात, हे ते माझ्या मुलीला सासरच्या पहिल्याच आठवड्यात विचारून मोकळे झाले. वेफर्सच्या पाकिटात निम्मी हवाच असते असं कुणी हसून म्हणालं, तर त्यांना ते लागायचं. "हवा नाही ती. नायट्रोजन आहे. त्याच्या जिवावर कुरकुरीत खाताय."

पुढे आमच्या पार्किंगमधले पाइप खरोखरच गळायला लागले. सुईने टोचल्यासारखी भोकं. एका तरुण सभासदाच्या नव्या गाडीवर काळं पाणी ठिबकलं. तेव्हा मी व्याह्यांना बोलावलं. सभेत तोच मुलगा म्हणाला, "काका, नायट्रोजन पेट्रोल पंपावर टायरमध्ये भरतात. आपली बिल्डिंग काय पळणार आहे?" सगळे हसले. एका बाईंनी गॅसने मुलांना काही होणार नाही ना, असं विचारलं. व्याही म्हणाले, "बाई, आत्ता घेतलात त्या श्वासात बहुतेक सगळा तोच होता." भोकं पडलेले तुकडे बदलून त्यांनी करडे सिलिंडर आणवले, स्वतः खुर्ची टाकून दिवसभर पार्किंगमध्ये बसले आणि ऑक्सिजन मोजायच्या मीटरवर समाधान झाल्यावर पाणी घेतलं. "आता विसरा," मला म्हणाले. त्यांच्या निवृत्तीनंतरचं हे पहिलं काम. त्यांच्या ते फार जिव्हाळ्याचं होतं, कारण नोकरीत असताना खर्च वाढतो म्हणून मालकांनी हा उपाय कधी करू दिला नव्हता.

मग अधिक महिना आला. जावयाला वाण द्यायचं म्हणून आम्ही सगळ्यांना जेवायला बोलावलं. सौ.ने पडदे धुतले, मुलाने पंखे पुसले. माझ्या मनात आलं, व्याही पडदे बघणार नाहीत. ते खाली पाइपापाशी जाणार, नळ जरा सोडून बघणार आणि आमच्याकडे काळं, वासाचं पाणी निघणार. येणाऱ्या व्याह्यांसमोर ते बरं दिसेना. सकाळी मी खाली गेलो, सगळं पाणी काढलं, पंप लावून ताजं भरलं. दुपारी त्यांनी जेवणाआधी दाबाचा काटा पाहिला, खूश झाले आणि पुरणपोळ्या मागून मागून खाल्ल्या. नळ त्यांनी सोडलाच नाही.

वर्षभराने पुन्हा भोकं पडली. सभेत व्याह्यांनी माझ्याकडे वळून शांतपणे विचारलं, "मध्ये कुणी पाणी काढलं होतं का?" त्या क्षणी मला समजलं, मी काय केलं ते. मी म्हणालो, "नाही." तो मुलगा पुटपुटला, "गॅस वाया, वाट लागली." व्याह्यांनी चष्मा पुसला. "मग माझाच हिशोब चुकला," म्हणाले आणि निघाले.

त्यानंतर ते चारचौघांसारखे झाले. आले की आंब्यांविषयी बोलत, गुडघ्यांविषयी बोलत. हॉटेलात छत सोडून मेन्यूकार्ड वाचत. घरच्यांना हायसं वाटलं. मुलगी सासऱ्यांविषयी म्हणाली, "पप्पा किती शांत झालेत ना." मला ती शांतता सोसेना. आपण आयुष्यभर चुकीचं बोललो असं हा माणूस धरून बसलाय आणि ते खोटं आहे, हे जगात मला एकट्यालाच माहीत होतं. तरी सांगायला मी दोन वर्षं लावली.

गेल्या शुक्रवारी भांडुपला त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. ते रागावतील अशी तयारी करून गेलो होतो. त्यांनी ऐकलं आणि एवढंच विचारलं, "पूर्ण काढलं होतं? की थोडं?"

"पूर्ण."

"वरून हवा आत जाईपर्यंत?"

"हो. भुस्स असा आवाज आला होता."

ते खुर्चीत मागे टेकले. "म्हणजे नायट्रोजन बरोबर होता," म्हणाले. मला दोष दिला नाही. मी तिथे आहे हेही बहुधा विसरले होते.

रविवारच्या सभेत मी उभा राहून हे सगळं सांगितलं. कुणीतरी म्हणालं, "काका, सोडा ना, नवे पाइप टाकून झालेत आता," आणि विषय पाहुण्यांच्या गाड्यांवर गेला. म्हणून इथे लिहितो आहे. त्याच संध्याकाळी व्याह्यांचा फोन आला. मंडळी काय म्हणाली, असं विचारत होते. मी खरं तेच सांगितलं: काही म्हणाली नाहीत. "असू दे," ते म्हणाले आणि फोन माझ्या मुलीकडे दिला.

"बाबा, पप्पांना काय सांगून गेलात तुम्ही?" ती म्हणाली. "परवापासून बोलायचे थांबत नाहीत. आत्ताही ताट वाढून ठेवलंय आणि हे दारात शेजाऱ्यांना काहीतरी समजावतायत. सगळं निवून चाललंय."

"निवू दे गं आज," मी म्हणालो.