शिवडीच्या रस्त्याखालची मोरी

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. आम्ही काळाचौकीला चाळीत राहायचो आणि हे रस्त्यांच्या खात्यात इंजिनिअर होते. शिवडीच्या रस्त्याखाली युद्धाच्या काळात पन्हळी पोलादी पत्र्याची एक मोठी गोल मोरी पुरली होती. नाल्याचं पाणी तिच्यातून खाडीला जायचं. वरचं डांबर थोडं खचलेलं दिसलं, म्हणून एका रविवारी ओहोटी गाठून हे मोरी आतून बघायला निघाले. मीही हट्टानं सोबत गेले.

पदर खोचून चिखलातून आत शिरले. माणूस ताठ उभा राहील एवढी ती मोरी, पण पत्रा आमच्या तव्याएवढाच जाड.

"एवढ्याशा पत्र्यावरून ट्रक जातात?" मी विचारलं.

"एकटा पत्रा नाही पेलत गं. वरून भार आला की तो बाजूंना फुगू बघतो आणि शेजारची माती त्याला दाबून धरते. माती घट्ट आहे तोवर भीती नाही."

मग यांनी हातोडीनं ठोकून पाहिलं. वरच्या अंगाला आवाज खणखणीत आला. खाली, खारं पाणी लागायचं तिथे, हातोडी गंजातून आरपार गेली. पलीकडे मातीच नव्हती. पाण्यानं ती केव्हाच ओढून नेली होती.

एवढ्यात वरून गोदी कामगारांचा मोर्चा जाऊ लागला. त्यांच्या पावलांचा आणि घोषणांचा आवाज आत घुमत राहिला. मी पत्र्याला तळहात लावला. तो ढिम्म होता. मोर्च्यामागोमाग भरलेला ट्रक आला, तेव्हा मात्र तो हाताखाली सरकला.

"बाहेर चल," हे एवढंच म्हणाले.

वर येऊन हे भर रस्त्यात उभे राहिले आणि पुढचा ट्रक हात करून थांबवला. मोर्च्यातले मागचे काहीजण परत फिरले.

"काय झालं, साहेब?"

"खालची मोरी गेलीय. गाड्या थांबवायला हव्यात."

त्यांनी पिंपं आणून रस्ता बंद केला आणि खात्याची माणसं येईपर्यंत तिथेच बसून राहिले.

पुढे मोरी उकरली, तेव्हा मी डबा घेऊन गेले होते. तोंडाकडचा पत्रा सोडवून बाहेर ओढला, तरी वरची माती क्षणभर कमानीसारखी तशीच अधांतरी राहिली, पत्र्याच्या प्रत्येक पन्हळीचा ठसा अंगावर घेऊन. मग ती हळूच खाली बसली.