पिवळ्या पट्ट्याची चोरी

ती चोरी आठवली की आजही माझं डोकं तापतं. २००४ चा ऑक्टोबर होता. न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या लायब्ररीत बायकांच्या मतदानहक्काच्या जुन्या लढ्याचं प्रदर्शन भरलं होतं. एका काचपेटीत टोपी, छत्री आणि पिवळा पट्टा होता. तो पट्टा अंगावर घेऊन निदर्शनं करणारी बाई तुरुंगात गेली होती. तिची म्हातारी मुलगी गावातच राहायची. वस्तू तिनेच दिल्या होत्या.

एका सकाळी पट्टा गायब. कुलूप शाबूत. मी डिटेक्टिव्ह होते त्या पोलीस ठाण्यात निनावी फोन आला, "किल्ली कोणाकडे असते ते बघा."

किल्ली एका मराठी स्वयंसेविकेकडे असायची. नुकतीच नागरिक झालेली, पहिलं मत द्यायला निघालेली. चोरीचा ठपका बसला असता तर तिची शाळेतली नोकरी गेली असती.

आम्ही पेटी लगेच झाकली. नेमकं काय गेलं, हे बाहेर कोणालाच सांगितलं नाही. तिलाही नाही.

तिला चौकशीला बोलावलं, तेव्हा नवरा सोबत आला होता. म्हणाला, "मॅडम, ती भोळी आहे. लायब्ररीतल्या त्या बायकांनी डोक्यात भरवलंय सगळं."

मी त्याला वेगळं बसवलं, संशयिताचे हक्क वाचून दाखवले, टेप चालू केला. इंग्रजीत तो पक्का होता. प्रत्येक उत्तरात नुसतं 'इट'. मग मी मराठीत विचारलं, "वस्तू कुठे आहे?"

"मॅडम, तो मी नाही घेतला."

"टोपी ती. छत्रीही ती. मग हा तो कोण?"

त्याने पाणी मागितलं. मी दिलं.

"गराजमध्ये आहे. गणपतीच्या मखराच्या खोक्यात."

किल्ली त्याने बायकोच्या पर्समधून काढली होती. फोनही त्याचाच.

"कशासाठी?"

"मी सांगतो त्याला मत देत नव्हती. तिला लायब्ररीतून काढलं असतं की शांत झाली असती. तिच्या भल्यासाठीच केलं."

"तिला चोर ठरवून?"

"मी वकील लावला असता ना."

टेपच्या इंग्रजी भाषांतरात तो 'तो' उरलाच नाही. सरकारी वकिलाला मराठीतलं लिंग समजावताना माझा घसा बसला.

पट्टा परत घ्यायला म्हातारी ठाण्यात आली, तेव्हा मतदान होऊन गेलं होतं. तिने तिथे आलेल्या स्वयंसेविकेला एवढंच विचारलं, "मत दिलंस?"

"दिलं."

कोर्टाच्या आवारात नवऱ्याने विचारलं, "कोणाला?"

"गुप्त असतं ते," ती म्हणाली आणि गाडीची किल्ली काढून निघून गेली.

तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत कोणी 'तिच्या भल्यासाठी' म्हणालं, की मी आधी त्याचेच खिसे तपासायचे.