फडक्यातला मोरचूद

माझ्या टाकीतले पाणी एका दुपारी काचेसारखे नितळ झाले आणि घरातल्या सगळ्यांनी त्याचे कौतुक केले. त्या कौतुकाचा राग मला अजून येतो.

चिकलठाण्याच्या घरी, दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीत मी पाणवनस्पती वाढवते. मासे पाच-सहाच. त्या उन्हाळ्यात टाकीला शेवाळाने ग्रासले होते. फितीसारख्या लांब पानांवर बुळबुळीत हिरवे तंतू चढले, दगडाला बांधलेल्या नेच्याच्या कडांवर काळी लव उगवली. दोष घरचाच होता. पाहुण्यांना दाखवायला दिवसभर दिवा चालू ठेवायची नवऱ्याला हौस. मी दिवा सहा तासांवर आणला. दात घासायचा जुना ब्रश पाण्यात फिरवून तंतू सुतासारखे गुंडाळून काढले, कुजकी पाने देठापासून कापली, दर रविवारी तिसरा हिस्सा पाणी बदलले. उरलेले काम गोगलगायी करत. काचेवरून सरकताना त्या मागे एक स्वच्छ, अरुंद वाट सोडत. तीन महिन्यांनी मधल्या रोपाला निर्मळ पोपटी पान फुटले. झाकण उघडले की दुर्गंधीऐवजी विहिरीच्या काठाचा थंड, हिरवा वास येऊ लागला.

पाहणाऱ्यांना मात्र काचेवरचा शेवाळाचा पापुद्राच दिसे. गवताला इतके जपता, असे माझे धाकटे दीर हसून म्हणत. ते गंगापूरकडे मोसंबीची बाग आणि शेततळे सांभाळतात. बागेसाठी औषधे घ्यायला शहरात आले की मुक्काम आमच्याकडे.

त्या दुपारी मी कॉलेजातून परतले, तर टाकी लखलखत होती. झाकणाच्या फटीतून एक पुरचुंडी पाण्यात लोंबत होती, तिच्याभोवती फिकट निळा धूर पसरावा तसा रंग. गोगलगायी तळाशी उलट्या पडलेल्या. मासे पृष्ठभागाशी तोंडे उघडून.

"शेततळ्यात आम्ही हेच टाकतो, वहिनी," दीर अभिमानाने म्हणाले. "फडक्यात मोरचूद बांधून सोडायचा. शेवाळ नाय राहात."

किती घातला, मी विचारले. चिमूटभर, ते म्हणाले. शेततळ्याच्या मापाची चिमूट ती! नवऱ्याने मध्ये पडून मला समजावले की भावाने चांगल्यासाठीच केले. चांगल्यासाठी केलेल्याचा जाब विचारायचा नाही, हा नियम कुणी केला? मला अधिक झोंबले ते वेगळेच. तीन महिने मी रोज जे करत होते ते कुणाला काम वाटलेच नव्हते. साफसफाई राहून गेलेली बाई दिसली होती, आणि तिला मदत करण्यात आली होती.

पुरचुंडी काढून फेकली. मोरचुदातले विरघळलेले तांबे मात्र पाण्यातच होते. पाणी बदलल्याशिवाय मासे वाचणार नव्हते. नळाला पाणी यायला चार दिवस अवकाश. न्हाणीघरात दोन ड्रम भरलेले होते, साठून क्लोरिनचा वास उडालेले. टाकीला चालेल असे घरात तेवढेच. मी पहिल्या ड्रममध्ये बादली बुडवली.

"आंघोळीला काय वापरायचं?" नवऱ्याने विचारले.

"टँकर बोलवा."

दिरांनी टाकीत नळी सोडली आणि जुने पाणी बादल्यांत उपसू लागले. पहिली बादली घेऊन ते अंगणातल्या मोगऱ्याकडे वळले.

"तिथं नको, भाऊजी," मी म्हणाले. "मोगरा तरी राहू द्या."

 ते मान खाली घालून गटाराकडे गेले. मी त्यांना चहाचेही विचारले नाही.

पहिला ड्रम संपला तेव्हा मासे जरा खाली उतरले होते. हा दुसरा तरी ठेव, नवरा म्हणाला. मी तोही तळापर्यंत उपसला. मासे जगले. फितीसारखी पाने चार दिवसांत पारदर्शक होऊन विरघळली, ती मी बोटांनी एकेक वेचून काढली. टँकरवाल्याने दोन दिवस दाद दिली नाही. घरात कुणाची आंघोळ झाली नाही, आणि मला एकदाही वाईट वाटले नाही.